तीन मिनिटांत टाकी फुल्ल

१

वही नाहीशी झाल्याचं काकांच्या लक्षात आलं तेव्हा दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण चौदा महिन्यांच्या सवयीने काकांनी आधी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, मग खिशातून पेन काढलं आणि मग टेबलाकडे हात नेला. टेबलावर विजेची किटली होती, चष्म्याचं घर होतं, वही नव्हती.

पाचच मिनिटांत वजनमापे खात्याच्या बाई तिथे उतरल्या. त्यांचा वहीशी काडीचा संबंध नव्हता. हायड्रोजनचा पंप एक किलो म्हणतो तेव्हा खरंच एक किलो गॅस देतो का, हे तपासायला त्या चाचणीच्या दोन टाक्या आणि काटा घेऊन आल्या होत्या. केबिनमध्ये पाहतात तो काका गुडघ्यांवर बसून कपाटाखाली हात घालत होते.

"काय हरवलं, काका?"

"वही."

"कसली?"

"खरी," काका म्हणाले आणि टेबलाला धरून उठले.

बाई त्यांना वीस वर्षं ओळखत होत्या. तेव्हा काका पेट्रोल पंपावर होते. बाईंनी नोकरीत शेकड्यांनी पंप तपासले, पण ज्याचं माप कधी थेंबभरही कमी भरलं नाही असा हा एकच माणूस. एकदा माप थोडं जास्त भरलं होतं. त्याबद्दलही बाईंनी नियमाप्रमाणे शेरा मारला होता आणि काकांनी तो मुकाट्याने घेतला होता.

आता काका या हायड्रोजन केंद्रावर होते. भागात असं केंद्र हे एकच. त्याच्या जिवावर सव्वीस गाड्या प्रयोग म्हणून रस्त्यावर धावत होत्या. या गाड्यांत गॅसपासून गाडीतच वीज तयार होते आणि मागच्या नळीतून धुराऐवजी शुद्ध पाणी ठिबकतं. ऐकायला सगळं गोड. पण गॅस प्रचंड दाबाने भरावा लागतो, भरताना तापतो म्हणून आधी उणे चाळीसपर्यंत गार करावा लागतो, आणि दोन गाड्या भरल्या की दाब उतरतो तो कॉम्प्रेसरने पुन्हा चढवावा लागतो. यातलं काही माहितीपत्रकात नव्हतं. माहितीपत्रकात होतं, 'तीन मिनिटांत टाकी फुल्ल!' हेच वाक्य हातभर अक्षरांत छापून केबिनच्या समोरच्या काचेवर असं चिकटवलं होतं की आत बसणाऱ्याला पंप दिसू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला समिती बसणार होती. महामार्गावर अशी आणखी नऊ केंद्रं उभारायची का, हा पहिला विषय. दुसरा विषय काका. संगणकाच्या हिशेबाने पंप शंभरातले सत्त्याण्णव तास तयार होता, तरी गाडीवाले रिकाम्या टाकीने परत गेल्याच्या तक्रारी होत्या. पंप तयार असेल आणि गिऱ्हाईक परत जात असेल, तर दोष माणसाचा, असं प्रकल्पप्रमुख साहेबांनी लिहून दिलं होतं. त्या लिखाणात 'कामचुकार' हा शब्द होता. काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

"संगणक फक्त गॅस वाहतो तेवढंच मोजतो," काका म्हणाले. "मी गाडी आली कधी, गेली कधी ते लिहितो. मधे काय झालं तेही. चौदा महिने लिहिलंय, बाई. उद्या तीच दाखवणार होतो."

"शेवटची कधी पाहिलीत?"

"बारा बावन्नला. मागे कॉम्प्रेसरशी झटापट चालली होती. मागच्या दाराने वायसरचा डबा न्यायला आलो, किटली चढवली, वहीत दोन ओळी लिहिल्या आणि गेलो."

बारा बावन्न ते एक दहा. अठरा मिनिटं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेब होते. काकांनी सगळं सांगितलं आणि फोन बाईंच्या हातात दिला.

"योगायोग बघा मॅडम," साहेब हसून म्हणाले. "उद्या दाखवायची, आणि आज हरवली. मुळात अशी वही होती का, हे विचारलंत का तुम्ही त्यांना?"

बाईंनी फोन ठेवला. प्रश्न वाईट नव्हता. वही त्यांनी तरी कुठे पाहिली होती?

२

कॉम्प्रेसरची देखभाल करणाऱ्याला सगळे 'पाना' म्हणत, कारण तो त्याच्या मागच्या खिशात कायम असे. बाई मागच्या शेडमध्ये गेल्या तेव्हा तो कोपरापर्यंत ग्रीसने माखलेला होता.

"वहीत माझा कॉम्प्रेसर एकसष्ट वेळा बंद पडल्याचं लिहिलंय," त्याने न विचारता सांगितलं. "आजचा धरून बासष्ट. वही गेली तर माझं बरंच आहे, ते कशाला नाकारू? पण मी घेतली नाही."

"सगळा वेळ काकांबरोबर होतास?"

"नाही. एकदा व्हॅनमधून हत्यार आणायला गेलो, एकदा किटलीकडे. एकला वगैरे. तर किटलीचं झाकण उघडं, आत ठणठणीत रिकामी! काकांनी एकट्याने चहा ढोसला. एरवी असं करत नाहीत."

"तेव्हा वही टेबलावर होती?"

पान्याने डोकं खाजवलं. कपाळावर काळा पट्टा उमटला. "लक्ष नाही दिलं हो. मला चहा हवा होता."

त्याने काढून दिलेल्या संगणकाच्या कागदावर त्या दुपारच्या तीन नोंदी होत्या. बारा दहा, औषधांची व्हॅन. बारा वीस, टॅक्सी. आणि बारा एक्केचाळीस ते बारा चव्वेचाळीस, साहेबांची गाडी.

"साहेब आले होते?"

"आले असतील. आम्ही मागे होतो. शीतयंत्राच्या घरघरीत समोर हत्ती आला तरी कळत नाही. त्यांचा ड्रायव्हर दाढ काढायला गेलाय, म्हणून स्वतः आले असतील. पण गेले की तेव्हाच. बारा चव्वेचाळीसला गॅस बंद झालाय."

साहेब आठ मिनिटं आधीच निघून गेलेले. बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

तोवर कॉम्प्रेसर सुरू झाला होता, म्हणून त्यांनी आपली चाचणी लावायला घेतली. नोझल चाचणीच्या टाकीला जोडली, बटण दाबलं. पंपाच्या पडद्यावर अक्षरं आली: 'संपर्क नाही'. नोझलच्या तोंडाशी एक बारीक डोळा असतो. त्यातून पंप आणि टाकी एकमेकांशी बोलतात, किती दाब, किती तापमान वगैरे. पान्याने तो डोळा उघडून पाहिला आणि चकित झाला.

"आत पाणी आहे! इथे पाणी कोण कशाला ओतेल? काकांनी पाटी लावलीय, पाणी वापरू नये म्हणून."

तो पुसायला घेऊन गेला. बाईंनी पंपाच्या पायथ्याशी पाहिलं. काळ्या फरशीवर दोन ओल्या जागा होत्या. एक जरा मागे, गाड्यांच्या नळ्या जिथे येतात तिथे. दुसरी थेट पंपाला लागून. पाणी सांडणाऱ्याच गाड्या, त्यामुळे इथे ओलीचं कुणाला नवल नव्हतं.

केबिनमध्ये येऊन त्या काकांना म्हणाल्या, "काका, चहा घेतलात का हो?"

"कुठला! पाणी उकळायला ठेवलं आणि गेलो ते गेलोच. आलो तर किटली रिकामी. पान्याने घेतलं असणार."

बाईंनी किटली उचलून पाहिली. पांढरं हँडल लख्ख होतं. त्यावर ग्रीसचं एकही बोट नव्हतं. पान्याने ज्याला म्हणून हात लावला होता त्या प्रत्येक वस्तूवर, दाराच्या कडीपासून बाईंच्या पर्समधल्या कागदापर्यंत, त्याची पाची बोटं उमटली होती. मग किटलीभर उकळतं पाणी प्यायलं कोणी?

३

टॅक्सीवाल्याचा आवाज असा की त्याला 'भोंगा' म्हणत आणि तो रागावत नसे. केंद्राला आग लावीन, असं त्याने गेल्याच आठवड्यात चारचौघांत जाहीर केलं होतं. काकांनी त्याचं नाव घ्यायला टाळाटाळ केली, पान्याने घेतलं. तो मागच्या बस डेपोच्या भिंतीआड आपल्या गाडीत तोंडावर रुमाल टाकून झोपलेला सापडला.

"आग लावीन म्हणालो, चोरी करीन असं नाही म्हणालो," रुमाल बाजूला सारत भोंगा म्हणाला. "आणि हायड्रोजनला आग लावायला मी काय खुळा आहे? त्याची आग दिसतसुद्धा नाही म्हणे. आधी मीच भाजेन."

"वैतागला कशाला एवढे?"

"ऐका. आज बारा वीसला नोझल लावली. सहा मिनिटं भरायला. मग सात मिनिटं नोझल सुटायची वाट बघायला. हवा दमट असली की गार नोझलवर बर्फ धरतो आणि ती गाडीला चिकटून बसते, सुटता सुटत नाही. माझी तर दुसरी गाडी. तिसऱ्याचे हाल कुत्रा खात नाही. काका म्हणतात, ओढू नकोस, हातमोजा घाल, गप बस. गप बसलो. मागे प्रवासी असता तर तो गप बसला असता का? एकदा एका म्हातारबाबांना घेऊन आलो होतो, विमानतळावर जायचं होतं. विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं, बाई. त्यांनी मला ते बोटाने दाखवलं."

बाई हसल्या नाहीत, कारण भोंगा हसत नव्हता. "काकांवर राग आहे?"

"काकांवर? अहो, त्या माणसाने माझं प्रत्येक मिनिट लिहून ठेवलंय. वहीत माझ्या चाळीस तरी सह्या असतील. 'इतका वेळ थांबलो, बरोबर' असं लिहून खाली सही. उद्या ती वाचणार म्हणून मी सुट्टी टाकलीय. आणि ती मीच चोरीन?"

म्हणजे वही होती. चाळीस सह्यांची होती. साहेबांचा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

पण भोंग्याला वही वाचली जायला हवी होती, पान्याचे हात किटलीला लागले नव्हते, आणि औषधांच्या व्हॅनवाल्या बाई साडेबारालाच रुग्णालयात माल उतरवत होत्या. बाईंनी तिथे फोन करून खात्री केली. राहता राहिले खुद्द काका. उद्या समितीही हेच म्हणणार होती.

परत आल्या तेव्हा केबिनबाहेर काकू उभ्या होत्या, डबा घेऊन आलेल्या. त्यांना बातमी कळली होती.

"ताई, तुम्ही मोठ्या अधिकारी," काकू म्हणाल्या. "साहेबांना भेटून सांगा ना, हे माफी मागतील म्हणून. दोन वर्षं कशीबशी निघू देत."

"कशाची माफी?" काका आतून म्हणाले.

"कशाचीही! नाव घेऊन काय चाटायचंय?"

काका पुन्हा कपाटाखाली वाकले. बाईंना ते बघवेना, म्हणून त्या गाडीत बसल्या आणि साहेबांच्या कचेरीकडे निघाल्या.

४

कचेरी तिथून दहा मिनिटांवर होती. साहेब पन्नाशीचे, रुबाबदार, बोलायला मिठ्ठास. त्यांनी उठून खुर्ची दिली. त्यांच्या उजव्या तळहातावर पांढरी पट्टी होती.

"कॉफी सांडली," बाईंची नजर पाहून ते म्हणाले. "तुम्हाला चहा चालेल ना?"

"चालेल. आज केंद्रावर गेला होतात?"

"हो, ड्रायव्हर नव्हता. खरं सांगू? बरंच झालं. माणसाने आपली वस्तू स्वतः वापरून बघावी. बारा चाळीसला पोचलो, काकांचा पत्ता नाही. त्यांची ही नेहमीची तऱ्हा. स्वतः नोझल लावली, तीन मिनिटांत टाकी फुल्ल, नोझल काढून जागेवर टांगली आणि निघालो. बारा पंचेचाळीसला मी रस्त्यावर होतो. एका सामान्य माणसाला जे पाच मिनिटांत जमतं त्याबद्दल वह्या कसल्या लिहायच्या?"

"केबिनमध्ये गेला नाहीत?"

"कशाला जाऊ? काम काय होतं?"

बाईंनी चहाचा घोट घेतला. साहेबांचं बोलणं कुठे अडखळत नव्हतं. त्यांनी पूर्वी इंजिनियर म्हणून काम केल्याची प्रशस्तिपत्रं भिंतीवर होती, पण त्यांवरच्या तारखा वीस वर्षांपूर्वीच्या होत्या. त्यानंतरच्या सगळ्या तसबिरी फिती कापतानाच्या. उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागली की शेळी चावते हे विसरायला होतं.

"तुमचा हायड्रोजनवर विश्वास आहे, साहेब?"

साहेब पहिल्यांदाच जरा थांबले. "आहे, मॅडम. मनापासून आहे. पहिल्या पेट्रोल पंपालाही लोक हसलेच असतील. नऊ केंद्रं उभी राहू देत, मग बघा. रोपटं लावलं की दुसऱ्याच दिवशी कोणी मुळं उपसून बघतं का?"

बाई जिना उतरता उतरता पर्समधला कागद पुन्हा उघडून वाचू लागल्या. वेळेच्या रकान्यापुढे वजनाचा रकाना होता. तो त्यांनी आधी नीट पाहिला नव्हता, आणि वजनमापे खात्याच्या माणसाला हे शोभणारं नव्हतं. व्हॅनने पाच किलो गॅस घेतला होता, टॅक्सीने पाच किलो.

साहेबांच्या गाडीत फक्त अडीच किलो गेला होता. टाकी फुल्ल झालीच नव्हती.

५

अडीच किलोचं कारण पान्याने चुटकीसरशी सांगितलं. कॉम्प्रेसर बंद, दोन गाड्यांनी दाब उतरवलेला. पंपाने होतं तेवढं दिलं आणि संगणकाने 'यशस्वी' अशी नोंद केली. साहेबांनी गाडीतल्या काट्याकडे पाहिलंच नसणार. पण टाकी निम्मी असल्याने चोरी सिद्ध होत नाही. फार तर माणूस बेपर्वा ठरतो.

तीनच्या पुढे ऊन पडलं. बाई पंपापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि खाली पाहत राहिल्या.

फरशी वाळली होती. मागची ओल कुठे होती ते आता सांगताही आलं नसतं. पंपाला लागून होती ती मात्र वाळताना मागे पांढरी कड ठेवून गेली होती.

ही कड बाईंना पाठ होती. पेट्रोलची मापं तपासायची भांडी त्यांच्या प्रयोगशाळेत शुद्ध केलेल्या पाण्याने तोलतात. कोणी आळशाने नळाचं पाणी वापरलं की भांडं वाळल्यावर तळाला अशीच पांढरी रेघ दिसते, आणि मग त्या आळशाला बाईंचं अर्ध्या तासाचं भाषण ऐकावं लागतं. गाडीतून ठिबकणारं पाणी शुद्ध. त्याचा डाग पडत नाही. हे नळाचं पाणी होतं.

त्या केबिनमध्ये गेल्या आणि किटलीत डोकावल्या. आत तळाला तसाच पांढरा थर होता.

"काका," त्या म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना फोन लावा. म्हणावं, नियमाप्रमाणे चाचणीत एक खरी गाडी लागते. तुमची निम्मी रिकामी आहे. साडेचारला या. तीनच मिनिटं लागतील."

६

साडेचारला आभाळ पुन्हा भरून आलं होतं आणि हवा चिकट झाली होती. बाईंनी आपल्या दोन्ही टाक्या पाठोपाठ भरून घेतल्या, काट्यावर तोलल्या. माप चोख होतं. नोझलवर तोवर पांढरं बुरशीसारखं हिव धरलं होतं. तेवढ्यात साहेबांची गाडी आत आली.

"लावा तुम्हीच," बाई म्हणाल्या. "दुपारी लावली होती तशी."

साहेबांनी नोझल लावली. गॅस वाहिला, थांबला.

"आता काढा."

साहेबांनी हात पुढे केला, मागे घेतला, आणि खांबाच्या खुंटीवरचा जाड हातमोजा काढून उजव्या हातात चढवला. पट्टीवरून चढवताना त्यांचा चेहरा जरा वाकडा झाला.

"हातमोजा कशाला, साहेब?" बाईंनी विचारलं.

 साहेबांनी नोझल ओढली. नोझल जागची हलली नाही. पुन्हा ओढली. गाडी हलली, नोझल नाही.

"राहू द्या. दहा-पंधरा मिनिटं लागतील. तोवर ऐका," बाई म्हणाल्या. पळून जायची सोय नव्हती. साहेबांची गाडी पंपाला दाव्याने बांधल्यासारखी होती.

"दुपारीही अशीच चिकटली. तुम्ही तिसरे होतात. उघड्या हाताने लोखंडाला धरून ओढलीत, त्याचा हा फोड. इतक्या गार धातूने माणूस उकळत्या कॉफीसारखाच भाजतो. मग कोणी आहे का बघायला केबिनमध्ये गेलात. कोणी नव्हतं, किटली मात्र उकळत होती. ती आणून नोझलवर रिकामी केलीत. नोझल सुटली, पण पाणी तिच्या डोळ्यात गेलं आणि फरशीवर नळाच्या पाण्याची कड राहिली. किटली परत ठेवायला गेलात आणि शेजारची वही उचललीत. इथला कोणीही माणूस नोझलवर पाणी ओतत नाही. पान्याचे हात किटलीला लागले असते तर ती काळी झाली असती. आणि किटलीत पाणी आलंच मुळी बारा बावन्नला. तुम्ही तर म्हणता बारा पंचेचाळीसला रस्त्यावर होतात."

"हा सगळा तर्क आहे," साहेब म्हणाले, पण आवाजातली मिठ्ठास गेली होती.

"तुम्ही वेळ चुकीची सांगितलीत, एवढंच नाही. तुम्ही ती छापील सांगितलीत. तीन मिनिटं आणि टाकी फुल्ल. ज्याने एकदा तरी इथे रांग लावलीय तो असं खोटं कधी बोलला नसता. तो म्हणाला असता, वीस मिनिटं लटकलो, बाई, आणि वर टाकी निम्मीच. तुम्ही आपल्याच माहितीपत्रकातून साक्ष काढलीत."

भोंगाही डेपोकडून येऊन मागे उभा होता. तो घड्याळाकडे बघत मिनिटं मोजत होता.

नोझल सुटायला चौदा मिनिटं लागली. ती सुटल्यावर साहेबांनी गाडीची डिकी उघडली आणि जाडजूड निळी वही काढून बॉनेटवर ठेवली.

"फाडायला घेतली होती," ते म्हणाले. "वाचत बसलो. फाडवेना." मग ते बाईंना सोडून थेट काकांकडे वळले. "काका, ही वाचली तर समिती नऊ केंद्रं सोडाच, हेही बंद करील. तुमची नोकरी तुमच्याच अक्षरात जाईल. वही माझ्याकडे राहू द्या. मी तक्रार मागे घेतो, आत्ता, लेखी. नऊ केंद्रांच्या माणसांना शिकवायला तुमच्याशिवाय आहे कोण?"

काकूंच्या हातात रिकामा डबा होता. "घ्या ना हो लिहून," त्या हळूच म्हणाल्या. "अहो, ऐका ना."

काकांनी बाईंकडे पाहिलं.

"मी माप घेते, काका," बाई म्हणाल्या. "निकाल देत नाही. चोरी मी कळवणारच. पण वही तुमची आहे."

काकांनी वही उचलली. ती काखेत धरून ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

७

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला काका समितीपुढे उभे राहिले. वही अध्यक्षबाईंच्या टेबलावर होती. साक्षीला म्हणून बाई कडेच्या खुर्चीत बसल्या होत्या. साहेब समोर होते, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून.

अध्यक्षबाई पाऊण तास पानं उलटत होत्या. कधी एखादी नोंद मोठ्याने वाचत. 'नऊ दहाला आली, नऊ बावन्नला गेली. दाब चढायची वाट.' 'गॅसचा टँकर आला नाही, अकरा गाड्या परत.' 'नोझल चिकटली, एकोणीस मिनिटं. बाळ रडत होतं.' शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही हे रोज लिहीत होता. याचा अर्थ काय होतो ते माहीत होतं?"

"होतं, बाई."

"मग तुमचं म्हणणं काय? हे केंद्र चालवावं?"

साहेबांनी मान वर केली. बाईंना वाटलं, आता काका बचाव करतील. चौदा महिने त्यांनी त्या पंपाला तान्ह्या पोरासारखं सांभाळलं होतं.

"बससाठी चालवा," काका म्हणाले. "शेजारीच डेपो आहे. बस ठरलेल्या वेळी घरी येतात, एकेक करून निवांत भरता येतात, त्यांना कोणाचं विमान गाठायचं नसतं. भरायला त्यांची लोकं त्यांच्याकडे आहेत. गाड्यांचं मात्र बंद करा. मशीन वाईट नाही. पण भागात एकच पंप, आणि तो असा. आम्ही माणसांना बोलावून उभं करून ठेवतो. सत्त्याण्णव टक्के तयार म्हणतो. मी त्या खोट्याच्या दारात आणखी दोन वर्षं उभा राहणार नाही."

 साहेबांनी डोळे मिटून घेतले. बाईंना त्यांची थोडी दयाही आली.

निर्णय तासाभरात झाला. नऊ केंद्रांचा विषय बाजूला पडला, वहीच्या चोरीची चौकशी लागली, गाड्यांचा पंप महिनाअखेरीस बंद करायचं ठरलं आणि त्याबरोबर काकांची जागाही रद्द झाली.

काका बाहेर आले. बाई मागोमाग होत्या. व्हरांड्यातल्या बाकावर काकू बसल्या होत्या. रात्रभर नवऱ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या, तरी सकाळी बरोबर आल्या होत्या.

"काय झालं?"

"पंप बंद. मीही."

काकूंनी पदर सारखा केला. डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. 

"आणि ते? कामचुकार लिहिलं होतं ते?"

"खोडलं. अध्यक्षबाईंनी स्वतः, माझ्यासमोर."

"खोडून त्या जागी काय लिहिलं?"

काका गोंधळले. "काही नाही. नुसतं खोडलंय."

"मग जा परत," काकू म्हणाल्या. "काय लिहायचं ते त्यांना विचारा, आणि लिहून आणा. मी बसते इथे."

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी दार उघडून धरलं.